सुया आणि नळ्यांचे नंबर: या चुका टाळा

सुईची जाडी गेजमध्ये मोजतात, नळीची फ्रेंचमध्ये. गेजचा आकडा वाढला की सुई बारीक, फ्रेंचचा वाढला की नळी जाड. हे पहिल्या आठवड्यात पाठ होतं.

खरा घोळ रंगांचा. इंजेक्शनची सुई आणि आयव्ही कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत ठेवायची बारीक नळी) यांचे रंग वेगवेगळ्या मानकांनुसार ठरलेत. गुलाबी कॅन्युला 20 गेजची, गुलाबी सुई 18 ची. हिरवी कॅन्युला 18, हिरवी सुई 21. पिवळी कॅन्युला 24, पिवळी सुई 20. वॉर्डात कॅन्युला लावून लावून ‘गुलाबी म्हणजे वीस’ डोक्यात बसलेला नवशिका इंजेक्शन रूममध्ये येतो, ट्रेमधली गुलाबी सुई उचलतो आणि पेशंटच्या दंडात चक्क 1.2 मिमीची सुई घालतो. ती व्हायलमधून (औषधाच्या छोट्या बाटलीतून) औषध ओढायला ठेवलेली असते. दंडाला निळी, 23 गेजची, 0.6 मिमीची पुरते. पेशंट ओरडतो, कापूस लाल होतो, आणि वर ‘सिस्टर, रंग तर बरोबर होता!’ चिठ्ठीवर नुसतं ‘गुलाबी 1’ लिहिलं की नातेवाईकही मेडिकलमधून नेमकी नको ती घेऊन वर येतात. ‘सुई, 23 गेज, 1 इंच’ एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? पाकीट फाडण्याआधी त्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा. लाज वाटली तरी वाचायचा.

दुसरी चूक आतल्या-बाहेरच्या मापाची. फ्रेंच म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास. 3 फ्रेंचचा 1 मिमी. हे माप पॅरिसच्या शारिएर या उपकरणं बनवणाऱ्याचं, म्हणून काही पाकिटांवर ‘सीएच’ छापतात. एंडोट्रॅकियल ट्यूबचा (श्वासासाठी श्वासनळीत घालायच्या नळीचा) नंबर मात्र आतला व्यास, थेट मिमीत. मोठ्या माणसाच्या 8 नंबर ट्यूबमध्ये सक्शन कॅथेटर (कफ ओढून काढायची नळी) आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको: 4 मिमी, म्हणजे 12 फ्रेंच. ट्यूबचा नंबर गुणिले दीड, झालं. ‘जाड नळीने लवकर उरकेल’ म्हणून 16 घातलं की बाजूने हवा आत यायला पुरेशी जागा उरत नाही, सक्शन मशीन फुफ्फुसातलीच हवा ओढतं, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) घसरतं. आणि बोल मशीनला.

इंट्रोड्यूसर शीथ (जिच्यातून कॅथेटर रक्तवाहिनीत सरकवतात ती बाहेरची नळी) उलटी, तिचा फ्रेंच आतल्या मापाचा: 6 फ्रेंच शीथमध्ये 6 फ्रेंचचं कॅथेटर जातं, बाहेरून ती त्याहून जाड असते.

फोलीत (लघवीच्या नळीत) नंबर सारखा असला तरी सिलिकॉनचं भोक लॅटेक्सपेक्षा मोठं, थ्री-वेचं (मूत्राशय धुवायला जादा वाट असलेलीचं) टू-वेपेक्षा लहान. लघवीत गुठळ्या येत असतील तर हा फरक आधी बघा.