सेटलमेंटचे पैसे टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये नीट कसे भरावेत

अमेरिकेत कोर्टातला दावा सेटलमेंटने, म्हणजे तडजोडीने, मिटतो, चेक बँकेत जमा होतो, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला टपालात १०९९-मिस्क, म्हणजे पगाराबाहेर मिळालेल्या पैशाची नोंद असलेला कर-फॉर्म, येऊन पडतो. मग ओळखीतली मंडळी सल्ले द्यायला लागतात. कुणी म्हणतं, "सेटलमेंटवर टॅक्स नसतो, टाकूच नकोस." कुणी म्हणतं, "बॉक्स ३ मधला ('इतर उत्पन्ना'चा) आकडा टाक, बाकीचं सॉफ्टवेअर बघून घेईल." दोन्ही सल्ले महागात पडतात. सॉफ्टवेअरला बेरीज-वजाबाकी येते. पैसा कशापोटी मिळाला हे त्याला कळत नाही. ते तुम्ही सांगायचं असतं, आणि चुकीचं सांगितलंत तरी ते मुकाट्याने रिटर्न तयार करून देतं.

सेटलमेंट ॲग्रीमेंट, वकिलाने दिलेला हिशेबाचा कागद आणि आलेले सगळे १०९९ व डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक कर-फॉर्म) समोर घेऊन बसा. ॲग्रीमेंट हाताशी नसेल तर वकिलाकडून मागवा आणि ते येईपर्यंत थांबा.

आधी पैसा कशापोटी ते ठरवा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी ॲग्रीमेंटमध्ये रकमेची वाटणी कशी केली आहे ते वाचा. शारीरिक इजा किंवा शारीरिक आजार यापोटीची भरपाई अमेरिकेच्या कर-कायद्याच्या कलम १०४ खाली करमुक्त आहे. गाडीच्या अपघातात हाड मोडलं, तर उपचार, वेदना आणि त्या इजेमुळे बुडालेला पगार, सगळं त्यात येतं. उपचाराचा खर्च आधीच्या एखाद्या वर्षी वजावट म्हणून घेतला असेल, तर तेवढा भाग मात्र करपात्र होतो.

लोक अडतात ते मानसिक त्रासाच्या भरपाईपाशी. १९९६ साली अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) या कलमात 'शारीरिक' हा शब्द घातला, तेव्हापासून निव्वळ मानसिक त्रासापोटी मिळालेला पैसा करपात्र आहे. छळामुळे झोप उडाली, डोकं दुखायला लागलं, पोट बिघडलं, तरी आयआरएस (अमेरिकेचं आयकर खातं) त्याला मानसिक त्रासच समजते. सूट फक्त त्या त्रासावरच्या उपचाराच्या खर्चाएवढी, तीही तो खर्च आधी वजा केला नसेल तर. दंडात्मक भरपाई जवळजवळ नेहमीच करपात्र, आणि रकमेवरचं व्याज अपघाताच्या दाव्यातही करपात्र. आयआरएसचं प्रकाशन ४३४५ अगदी छोटं आहे, ते एकदा वाचून घ्या.

ॲग्रीमेंटमध्ये वाटणीच नसेल, तर मूळ दाव्यात काय मागितलं होतं ते बघा. सोयीची वाटणी मनाने करू नका.

भारतातल्या कोर्टातून मिळालेला पैसाही या हिशेबातून सुटत नाही. अमेरिकेचे कर-रहिवासी असाल तर जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं, मग ते गावाकडच्या जमिनीच्या वाढीव मोबदल्यावरचं व्याज का असेना. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांचं उलट असतं: पहिली पाच कॅलेंडर वर्षं ते सहसा नॉनरेसिडेंट (करापुरते अनिवासी) असतात आणि त्यांच्या रिटर्नचा फॉर्म १०४०-एनआर. त्यासाठी नेहमीचं सॉफ्टवेअर वापरू नका.

सोपे कागद आधी संपवा

थकलेल्या पगाराचा डब्ल्यू-२ नेहमीच्या डब्ल्यू-२सारखा भरा. व्याजाचा १०९९-आयएनटी व्याजाच्या जागी.

१०९९-मिस्क: इथे घाई नको

बॉक्स ३ मधला आकडा टाकला की सॉफ्टवेअर विचारायला लागतं: हे तुमच्या नेहमीच्या कामासारखं काम होतं का? पैसे मिळवण्याच्या हेतूने केलं होतं का? गेल्या वर्षीही मिळालं होतं का? बहुतेक माणसं इथे न वाचता 'हो' दाबत पुढे जातात. नोकरीच्या दाव्यातले पैसे असले की "कामासारखं" हे बरोबरच वाटतं. पण एक 'हो' चुकीच्या जागी पडला की सॉफ्टवेअर तुम्हाला धंदेवाला समजून शेड्यूल सी (धंद्याच्या उत्पन्नाचं पत्रक) उघडतं आणि १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःच्या धंद्याच्या कमाईवरचा सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचा कर) लावतं. ४०,००० डॉलरवर हा भुर्दंड साधारण ५,६५० डॉलर होतो, आणि तो इन्कम टॅक्सच्या वर. मानसिक त्रासाची भरपाई ही कमाई नाही. हेतूच्या प्रश्नाला 'नाही', आणि रक्कम फक्त याच वर्षी मिळाली असं उत्तर द्या. दावा तुमच्या स्वतःच्या धंद्याच्या नुकसानीचा असेल तरच शेड्यूल सी, भाड्याच्या घराचा असेल तर शेड्यूल ई.

आता वकिलाची फी. मला हा भाग नीट उलगडायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि सर्वांत जास्त चुकीचे सल्लेही याच भागावर मिळतात.

नोकरीतल्या वयभेदाचा एक दावा घ्या. तडजोड ९०,००० डॉलरची. त्यात ३०,००० थकलेला पगार, २४,००० मानसिक त्रासाचे, आणि ३६,००० थेट वकिलाला. तुमच्या हाती पगाराचा चेक आणि २४,००० चा चेक. पण १०९९-मिस्कच्या बॉक्स ३ मध्ये ६०,००० छापलेले असतात. लोक चिडतात: "वकिलाचे पैसे मला मिळालेच नाहीत, मी का दाखवू?" आणि मग बॉक्स ३ मध्ये स्वतःच्या मनाने २४,००० टाकतात.

असं करू नका. वकिलाचा वाटा हाही आधी अशिलाचंच उत्पन्न, असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००५ साली कमिशनर विरुद्ध बँक्स या खटल्यात दिला आहे. वकिलाला त्याच पैशाचा वेगळा १०९९ गेला म्हणून तुमचा आकडा कमी होत नाही. आयआरएसकडे तुमच्या नावावर ६०,००० नोंदलेले आहेत. रिटर्नमध्ये २४,००० दिसले की त्यांचा संगणक फरक पकडतो आणि काही महिन्यांनी सीपी२००० नोटीस घरी येते.

बरोबर रीत अशी: ६०,००० पूर्ण दाखवा, आणि ३६,००० वजावटीच्या भागात वेगळे घ्या. ही वजावट शेड्यूल १ च्या (मुख्य फॉर्मला जोडायच्या जादा उत्पन्न व वजावटींच्या पत्रकाच्या) ओळ २४एचवर जाते. तिच्यासाठी आयटमाइझ करावं (म्हणजे एकेक खर्च वेगळा दाखवावा) लागत नाही, स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरावीक वजावट) तसंच राहतं. सॉफ्टवेअरच्या मुख्य रस्त्यावर हा प्रश्न सहसा येतच नाही. शोधाच्या चौकटीत वकिलाच्या फीचा इंग्रजी शब्द टाकून ती जागा हुडकावी लागते, आणि तिथे भेदभावाच्या दाव्याचा पर्याय निवडावा लागतो. धंद्याच्या कायदेशीर खर्चाचा पर्याय जवळच असतो, तो दाबू नका.

ही सवलत सगळ्या दाव्यांना नाही, आणि हे कुणी आधी सांगत नाही याचा मला खरंच राग येतो. २००४ च्या कायद्याने ती बेकायदा भेदभावाच्या दाव्यांना दिली. त्या व्याख्येत नोकरीविषयक बहुतेक दावे बसतात: वंश, वय, अपंगत्व, बुडवलेला ओव्हरटाइम, रजा मागितली म्हणून काढून टाकणं. घर भाड्याने देताना केलेला भेदभावही बसतो. बदनामीचा दावा असेल, तर सहसा फीची वजावट नाहीच. २०१८ पासून ती वाट बंद आहे आणि २०२५ च्या कायद्याने कायमची बंद केली. तिथे न मिळालेल्या पैशावरही टॅक्स भरावा लागतो. हे अन्यायाचं आहे, पण आज कायदा असा आहे. म्हणून अशा दाव्यात तडजोडीवर सही करण्याआधीच टॅक्सच्या जाणकाराला भेटा. शिवाय ही वजावट त्या वर्षी त्या दाव्यातून दाखवलेल्या उत्पन्नापेक्षा जास्त घेता येत नाही.

अपघाताची करमुक्त रक्कम असूनही बॉक्स ३ भरलेला १०९९ आला, तर आधी पाठवणाऱ्याकडून दुरुस्त फॉर्म मागा, तोही लेखी. ते ऐकत नसतील तर आकडा तसाच भरा आणि इतर उत्पन्नाच्या जागी तेवढीच रक्कम वजा चिन्हाने टाका. शेजारी 'शारीरिक इजेची भरपाई, कलम १०४' असा खुलासा इंग्रजीत लिहा. फॉर्म फाडून टाकून गप्प बसू नका.

पाठवण्याआधी फॉर्म डोळ्यांनी बघा

सॉफ्टवेअरच्या हिरव्या खुणांवर विसंबू नका. पीडीएफ उघडून शेड्यूल १ काढा. वरच्या उदाहरणात ओळ ८झेडवर ६०,०००, ओळ २४एचवर ३६,००० आणि डब्ल्यू-२ चे ३०,००० पगारात दिसले पाहिजेत. शेड्यूल सी किंवा शेड्यूल एसई (सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचं पत्रक) कुठे उगवलं असेल तर मागे जाऊन प्रश्नांची उत्तरं तपासा. राज्याचं रिटर्नही असंच उघडून बघा. प्रत्येक राज्य केंद्राची प्रत्येक वजावट मानतंच असं नाही.

चेक याच वर्षी आला असेल तर

१०९९ वर मिळणाऱ्या पैशातून सहसा काहीच टॅक्स कापलेला नसतो. एप्रिलपर्यंत थांबलात तर दंड लागू शकतो. जून ते ऑगस्टमध्ये चेक आला असेल, तर १५ सप्टेंबरच्या आत आयआरएसच्या डायरेक्ट पेवरून अंदाजे कर भरून टाका, आणि रिटर्न भरताना फॉर्म २२१० चं (कमी भरलेल्या अंदाजे कराच्या दंडाच्या फॉर्मचं) शेड्यूल एआय भरा, त्यात उत्पन्न वर्षात कधी आलं ते दाखवता येतं, म्हणजे आधीच्या तिमाहींचा दंड लागणार नाही. गेल्या वर्षीच्या एकूण कराएवढी रक्कम यंदा वेळच्या वेळी पगारातून कापली जात असेल, तर केंद्राच्या दंडाची काळजी नाही. मात्र गेल्या वर्षीचं एजीआय (समायोजित एकूण उत्पन्न) १,५०,००० डॉलरच्या वर असेल तर ११० टक्के लागतात. भरलेला हप्ता रिटर्नमध्ये नोंदवायला विसरू नका, सॉफ्टवेअर तो आपोआप आणत नाही.