स्टोनफिशचा काटा पायात घुसला तर काय करावं?

अंदमानला गेलेली आपली बरीच मंडळी ओहोटीच्या वेळी प्रवाळांच्या खडकांवरून चालतात, तेही साध्या रबरी चपला घालून. अशाच उथळ पाण्यात स्टोनफिश दगडांत अंग चोरून पडलेला असतो. अंगावर शेवाळ, चामखिळीसारखे उंचवटे, तोंड वर. कोळंबी किंवा छोटा मासा टप्प्यात आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत गिळतो. पाठीवरचे 13 विषारी काटे मात्र शिकारीसाठी नाहीत, स्वतःच्या बचावासाठी आहेत. पाय पडला की दाबानंच विष आत जातं.

वाळूत पाय घासत चाललं की पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) दूर पळतं. स्टोनफिश जागचा हलत नाही, म्हणून जाड तळव्याचे बूट घाला आणि तोल सांभाळायला दगडाला हात लावू नका.

काटा लागलाच, तर आधी त्या माणसाला पाण्याबाहेर काढा. वेदना इतक्या भयंकर असतात की भोवळ येऊन माणूस गुडघाभर पाण्यातही बुडू शकतो. लगेच पैंजण, जोडवी, अंगठ्या काढा. सूज चढली की त्या निघत नाहीत. वर दिसणारा सैल काटा चिमट्यानं काढा, खोल रुतलेला डॉक्टरांवर सोडा.

मग गरम पाणी. हा सगळ्यात महत्त्वाचा उपाय. जवळच्या हॉटेलातून बादलीभर आणा आणि पाय त्यात बुडवून ठेवा. पाणी सोसवेल इतपतच गरम हवं, 45 अंशांच्या वर नको. पण ते दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून तपासायचं! वेदनेत त्या पायाला चटका कळत नाही आणि कातडी भाजते. अर्धा ते दीड तास ठेवा. पाणी कोमट झालं की पाय बाहेर काढून नवं गरम पाणी घाला, पुन्हा तपासा.

चीर देणं, विष चोखणं, आवळून पट्टी बांधणं, यातलं काहीही करू नका.

वेदना कमी झाल्या तरी दवाखान्यात जा. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपू लागली, तर गरम पाण्यासाठीही थांबू नका. काट्याचा तुकडा आत राहिलाय का हे एक्स-रे काढून पाहतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात. याच्या विषावरचं औषध ऑस्ट्रेलियात 1959 पासून आहे, पण ते सगळीकडे मिळेलच असं नाही.

कोकणात पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तरी गरम पाण्याचा हाच उपाय करा. फक्त पाकटाचा काटा पोटात किंवा छातीत घुसला असेल, तर तो उपसू नका. तसंच थेट रुग्णालय गाठा.