केनियातल्या मुलांच्या संस्थेला पहिल्यांदा जाताय? बॅग भरायच्या आधी हे वाचा

आपल्याकडे बडोद्यात कसं असतं, घरात कुणाचा वाढदिवस आला की आश्रमात फोन करायचा, त्या दिवसाचं जेवण आपल्याकडून, पोरं ओळीत बसून श्लोक म्हणतात, आपण वाढतो, दोन फोटो काढतो आणि घरी येतो. मीपण वर्षानुवर्षं हेच केलंय. त्यामुळे किसुमूला जायचं ठरलं तेव्हा तयारीही तशीच केली, मंगळबाजारातून चाळीस फ्रॉक, पेनांचे डबे, वर चार किलो लीलो चेवडो. आणि तिथे पोचल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत माझी फजिती झाली, ती सांगतेच पुढे.

किसुमू हे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं गाव. मोम्बासाहून निघालेली रेल्वे १९०१ मध्ये इथवर आली, ती बांधायला आपल्या देशातून हजारो मजूर गेले होते, मागोमाग दुकानदार गेले, त्यामुळे तिथे आजही गुजराती कानावर पडतं. आमच्या दांडिया बाजारातल्या शेजारच्या काकांची बहीण कित्येक वर्षं तिथे आहे, तिच्या ओळखीनं ही संस्था कळली.

आधी संस्था निवडण्याबद्दल, कारण खरी मेख तिथेच आहे. ‘अनाथाश्रम’ म्हटलं की आपल्याला वाटतं सगळी मुलं अनाथ, पण जगभर अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांची आई नाहीतर वडील हयात असतात, गरिबी, आजारपण, शाळेची फी परवडत नाही म्हणून मुलं तिथे पोचतात. आणि पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून काही ठिकाणी मुलं मुद्दाम गोळा करून ठेवतात हेही झालंय, ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या कायद्याच्या वेळी या प्रकाराला आधुनिक गुलामगिरीत धरलं. केनिया सरकारनं २०१७ मध्येच नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली, मुलं घरी किंवा नातेवाइकांकडे राहावीत असं त्यांचं धोरण आहे. म्हणून शक्यतो अशी संस्था बघा जी मुलाला घरी ठेवून मदत करते, म्हणजे शाळेची फी, दुपारचं जेवण, आईला शिवणकाम वगैरे. आमची तशीच होती, मुलं दिवसभर येतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी.

मेलवर सरळ विचारा: तुमच्या भागातल्या सरकारी चिल्ड्रन्स ऑफिसरला तुमचं काम माहीत आहे का, मुलांच्या सुरक्षेची लेखी पॉलिसी आहे का, पाहुण्यांना काय नियम आहेत. चांगली संस्था या प्रश्नांनी चिडत नाही, उलट तुमच्याकडूनच कागद मागते. आम्हाला पासपोर्टची कॉपी आणि सही केलेला फॉर्म पाठवावा लागला, आमचे हे वैतागले, ‘आपण द्यायला चाललोय की घ्यायला’. मी म्हटलं, उद्या कुणी अनोळखी माणूस आपल्या नातीच्या शाळेत शिरला तर चालेल का? गप्प बसले. आणि जी संस्था म्हणते या कधीही, हवं त्या मुलाला फिरायला न्या, तिथे मी तरी पाऊल ठेवणार नाही.

कागदपत्रं. जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसाच्या जागी ई-टीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, असते, ती ऑनलाईन काढायची, सरकारी साईटवरूनच, दिसायला तशाच साईट काढून जास्त पैसे घेणारे एजंट खूप आहेत. पण तिथे जाऊन शिकवणार असाल किंवा काही काम करणार असाल, बिनपगारी का होईना, तर वेगळं परमिट लागतं, ते संस्थेला आधी विचारा. यलो फीव्हरची लस मात्र विसरायची नाही. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते, आम्ही अहमदाबादला जाऊन घेतली. निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरशी बोलूनच. कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच एअरपोर्टवरून सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये बसवू शकतात. किसुमूकडे मलेरिया आहे, त्याच्या गोळ्या आणि मच्छर पळवायचं क्रीम न्या. नैरोबी उंचावर आहे, जुलैत चक्क स्वेटर लागतो, किसुमूत नाही.

आणि प्लास्टिकच्या पिशव्या! ऑगस्ट २०१७ पासून तिथे बंदी आहे, दंड लाखो शिलिंगचा आणि जेलसुद्धा. आपण प्रत्येक वस्तू पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत असं भरणारी माणसं, आदल्या रात्री सगळं उपसून जुन्या साडीच्या शिवलेल्या पिशव्यांत भरलं.

आता वेळेची गंमत. स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या भाषेत, तास सकाळी सहापासून मोजतात, सात वाजले की ‘सा मोजा’ म्हणजे एक. आपल्या सूर्योदयापासूनच्या घटका होत्या तसंच काहीसं. ड्रायव्हर फोनवर म्हणाला ‘सा न्ने’, मी मोबाईलवर आकडे शिकलेली, न्ने म्हणजे चार, तर आम्ही आरामात दुपारी चारला तयार होऊन बसलो. तो बिचारा सकाळी दहाला खाली थांबून गेला होता. तेव्हा वेळ ठरवताना सकाळ की दुपार हे विचाराच. भाषा तशी ओळखीची वाटते, चहाला चाय, गाडीला गारी, दुकानाला दुका, पैशाला पेसा. फक्त ‘मामा’ म्हणजे आई, कुणाही मोठ्या बाईला मामा म्हणतात, मला दिवसभर सगळे मामा म्हणत होते आणि आमचे हे हसत होते. मोठ्यांना नमस्कार म्हणून ‘शिकामो’ म्हणायचं, ते ‘मराहाबा’ म्हणतात. किसुमूकडे लुओ लोक जास्त, त्यांच्या भाषेत थँक्यूला ‘एरोकामानो’, हा शब्द पाठ करून जा, चेहरेच बदलतात समोरच्यांचे.

तर फजिती. अंगणात पोचल्या पोचल्या मी बॅग उघडली. एकतीस मुलं, त्यात निम्मे मुलगे, माझ्याकडे चाळीस फ्रॉक. जी रेटारेटी झाली त्यात एक छोटी पडली, गुडघा सोलवटला, रडायला लागली. संस्था चालवणाऱ्या बाई आल्या, काही बोलल्या नाहीत, बॅगेची चेन लावली आणि मला आत चहाला नेलं. मग हळूच बाजूची खोली दाखवली. तिथे सहा मशीनवर मुलांच्याच आया युनिफॉर्म शिवत होत्या. त्यांची भिशीपण आहे, तिथे चामा म्हणतात. मी बडोद्याहून आणलेल्या कपड्यांच्या पैशात त्यांना महिनाभराचं काम मिळालं असतं. लाजच वाटली मला. फ्रॉक नंतर त्यांनी चर्चच्या बाजारात विकले आणि पैसे फीला वापरले. म्हणून काय हवं ते आधी विचारा, शक्यतो तिथेच विकत घ्या, आणि द्यायचं ते ऑफिसात द्या, मुलांच्या हातात नाही. खाऊपण नाही, कुणाला शेंगदाणे-काजू चालत नाहीत हे आपल्याला कुठे माहीत. चेवडा स्टाफनं खाल्ला, तो मात्र हिट झाला.

मुलांशी वागताना, ती जवळ आली तर या म्हणा, आपण होऊन उचलून मांडीवर घेऊ नका, ‘बाबा कुठे असतात’ असले प्रश्न तर अजिबात नको. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही. ‘पुढच्या वर्षी नक्की येते हं’ हे आपण सहज बोलून जातो, पण मुलं दिवस मोजतात. फोटो विचारूनच, तेसुद्धा चेहरा आणि युनिफॉर्मवरचं शाळेचं नाव दिसणार नाही असे. मी शेवटी फक्त शिवणमशीनचे काढले, फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी विचारलं मुलं कुठायत, म्हटलं शाळेत.

जेवायला बसवतील, नाही म्हणू नका. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा, हातानंच खायची, बरोबर सुकुमा म्हणजे पालेभाजी. शाकाहारी असल्याचं आदल्या दिवशी कळवा. आमच्यासाठी चपात्या केल्या होत्या, तिकडे चपाती सणावाराला करतात म्हणे.

पैसे द्यायचे तर संस्थेच्या नावाच्या खात्यात, कुणाच्या पर्सनल नंबरवर नाही, आणि पावती घ्या. इथून पाठवताना बँकेत कारण ‘डोनेशन’ लिहायचं, इन्कम टॅक्समधली ८०जी ची सूट परदेशी संस्थेला दिलेल्या पैशांवर मिळत नाही हे सीएला विचारायच्या आधीच सांगून ठेवते. मी आता दर टर्मला पाठवते, तिथे वर्षात तीन टर्म असतात, पहिली जानेवारीत सुरू होते. परवाच बाईंचा मेसेज आला, या वेळी सहा युनिफॉर्म, मापं आमच्याकडे आहेत, तुम्ही काही शिवू नका.