‘मंडळी’ म्हणजे कोण? बायबलमधल्या शब्दाचा अर्थ शोधताना

बडोद्यात ‘मंडळी’ म्हटलं की गुजराती शेजाऱ्याला दूध सहकारी मंडळी आठवते, दांडिया बाजारातल्या आजोबांना माहेरी गेलेली बायको, आणि ख्रिस्ती घरात चर्च. कोणीच चुकत नाही. बायबलमधल्या शब्दांचंही असंच असतं.

एक वचन घ्या, त्यातला एकच शब्द. समजा, मत्तय १६:१८ मधला ‘मंडळी’. वचन मराठीत वाचा, मग गुजरातीत आणि इंग्रजीत. भाषांतरं फारच फटकून असतील तर आधी पाठभेद बघा. प्रकटीकरण २२:१४ मध्ये किंग जेम्स हे जुनं इंग्रजी भाषांतर ‘आज्ञा पाळणारे’ म्हणतं, बहुतेक नवी भाषांतरं ‘झगे धुणारे’. तिथे कोश चाळून उपयोग नाही, हस्तलिखितांतले शब्दच वेगळे आहेत. (आपल्या प्राच्यविद्या मंदिरात रामायणाची चिकित्सित आवृत्ती झाली, ती असल्याच फरकांपायी.)

मग स्ट्रॉंगच्या शब्दसूचीतून क्रमांक काढा; किंग जेम्समधल्या शब्दामागे कुठला मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्द आहे, ते ती क्रमांकाने सांगते. हिब्रूचे १ ते ८६७४, ग्रीकचे १ ते ५६२४. लिपी येत नसली तरी अडत नाही. आपला शब्द ग्रीक १५७७, एक्लेसिया. क्रमांकाखाली दिलेली इंग्रजी शब्दांची रांग म्हणजे किंग जेम्समध्ये तो शब्द कसकसा उतरवला त्याची नोंद. तिच्यातला मनाला येईल तो अर्थ उचलून वचनात बसवणं, ही सगळ्यात नेहमीची चूक.

त्याऐवजी वापर तपासा. नव्या करारात एक्लेसिया ११४ वेळा येतो. शुभवर्तमानांपैकी फक्त मत्तयात, तेही दोनच वचनांत. प्रेषितांची कृत्ये १९ जरूर वाचा: ३२व्या वचनात इफिसच्या नाट्यगृहात आरडाओरडा करणारा जमावही एक्लेसियाच, आणि ३९व्यात कायदेशीर नगरसभा. ‘एक’ म्हणजे बाहेर, ‘कालेओ’ म्हणजे बोलावणे, म्हणून ‘जगातून बाहेर बोलावलेले’, ही प्रवचनातली आवडती फोड इथे टिकत नाही. त्या जमावाला कोणी कुठून बोलावलं होतं? व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवण्याची ही खोड बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्येच सोलून काढली. सगळ्या ठिकाणचे अर्थ गोळा करून एकाच वचनात कोंबू नका, हेही त्यांचंच सांगणं.

नव्या कराराच्या शब्दासाठी जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर, सेप्टुआजिंट, चुकवू नका. ‘अनुवाद’ या पुस्तकात, १८:१६ मध्ये, होरेब डोंगराजवळ जमलेल्या लोकांसाठी हिब्रूत ‘काहाल’ आहे, ग्रीकात एक्लेसिया. मत्तयाचं वचन या बाजूने वाचलेलं जास्त पटतं. प्रीतीसाठीच्या ग्रीक शब्दाबद्दलचा ‘अगापे म्हणजे फक्त दैवी प्रीती’ हा समजही इथेच फुटतो: २ शमुवेल १३ मध्ये अम्नोनाच्या तामारेवरच्या वासनेलाही तोच शब्द आहे.

हिब्रूत आणखी एक खड्डा. स्ट्रॉंगचा हिब्रू क्रमांक २६१७ म्हणजे ‘हेसेद’. स्तोत्र १३६ च्या सव्वीसही वचनांत येणारी ‘दया’. पण त्याच क्रमांकाखाली लेवीय २०:१७ सुद्धा आहे, आणि तिथे अर्थ ‘लाजिरवाणं कृत्य’. दिसायला सारखा, पण बहुधा निराळाच शब्द. ते वचन मोजणीतून बाजूला काढा.