गाजरगवत उपटायची तारीख पावसावरून ठरवा

मराठवाड्यात गाजरगवत उपटायच्या मोहिमा बहुतेक ऑगस्टात निघतात. १६ ते २२ ऑगस्ट हा देशभर गाजरगवत जागृती सप्ताह असतो, तेव्हा गावोगावी खुरपी बाहेर पडतात. सप्ताहाबद्दल माझी तक्रार नाही. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चांगला पाऊस झाला असेल, तर ऑगस्ट उजाडेपर्यंत त्या पावसावर उगवलेलं गवत फुलून, बी टाकून मोकळं झालेलं असतं. मग एवढी माणसं राबतात आणि हाती लागतात ती बी गळून गेलेली झाडं.

मी जिंतूर तालुक्यात शेती करते. सोयाबीन, तूर, थोडी कपाशी, आणि विहिरीला पाणी असेल त्या साली रब्बीला ज्वारी-हरभरा. बचत गटातल्या बायकांना सोबत घेऊन गावचं गायरान, पांदण रस्ता आणि शाळेमागची पडीक जागा गाजरगवतापासून मोकळी ठेवायचं काम आम्ही बरीच वर्षं करतो आहोत. त्यातून जे पक्कं झालं ते सांगते.

पाऊस लिहून ठेवा

जमीन वीतभर ओली होईल असा पाऊस पडला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. तिथून तीन आठवडे मोजा. त्या आठवड्यात उपटणी झालीच पाहिजे.

कारण असं की गाजरगवत उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलतं. त्याला मोसमाचं बंधन नाही, दिवस लहान की मोठा याचंही नाही. ओल मिळाली की उगवायचं आणि महिन्याभरात फुलायचं, हे जूनमध्ये चालतं तसंच ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीतही चालतं. एका वर्षात त्याच जागेवर तीन-चार पिढ्या सहज होतात. एक वाढलेलं झाड दहा ते पंचवीस हजार बिया देतं आणि मातीखाली दबलेली बी वर्षानुवर्षं जिवंत राहते. म्हणून फुलाआधीचा तो एक आठवडा महत्त्वाचा. तो हुकला की पुढच्या पावसाला तीच जागा पुन्हा हिरवी.

पहिल्या दोन आठवड्यांत ते ओळखायला शिका. पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली असतात, गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, फिकट हिरवी, बारीक लव असलेली. मधून दांडा वर निघाला की घाई करायची, कारण दांड्याच्या टोकाला आठ-दहा दिवसांत पांढरे ठिपके दिसू लागतात. एकदा एक वाळलेलं फूल तळहातावर चोळून बघा. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान ते फूल, आणि त्यातून काळ्या पाच बिया निघतात. प्रत्येक बीच्या दोन्ही अंगांना पापुद्र्यासारखं काहीतरी चिकटलेलं असतं. त्याच्या जोरावर बी वाऱ्यावर उडते आणि पाण्यावर तरंगते. पाटाच्या कडेनं गाजरगवताची सरळ रांग का दिसते, ते त्या पापुद्र्याकडे पाहिलं की समजतं.

हवामान बदललं ते त्याच्या पथ्यावर पडलं

आमच्याकडे पाऊस आता कसा पडतो हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. मृग कोरडा जातो, मग एका रात्रीत ओढे फुटून वाहतात, मग ऐन फुलोऱ्यात सोयाबीन असताना वीस-पंचवीस दिवस उघडीप. या उघडिपीत सोयाबीन माना टाकतं. गाजरगवत तेव्हा वाढ आवरतं घेतं आणि टीचभर उंचीवरच फुलून बी टाकतं. ओल भरपूर मिळाली तर तेच झाड छातीला लागतं. दोन्हीकडून त्याचं साधतं.

दुष्काळाचं वर्ष तर त्याला सुगीचं. २०१३, २०१६, २०१९ या साली चारा छावण्या लागल्या होत्या. अशा वर्षी रान पडीक राहतं. गुरं मारवेल-कुंद्यासारखं चांगलं गवत मुळापर्यंत खातात, पण गाजरगवताला तोंड लावत नाहीत. गायरानावर रिकामी झालेली जागा मग कुणाची होते ते दिसतंच. वर बाहेरगावाहून चाऱ्याच्या गाड्या येतात, त्यांच्यातून बीही येतं. आणि अतिवृष्टी झाली तरी सुटका नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सीना, गोदावरीच्या काठच्या जमिनी खरवडून गेल्या. वरची माती आणि तिच्यातलं बी जिथे जाऊन साचलं असेल तिथे ते उगवणार. नदीकाठच्या शेतकऱ्यांनी गाळ बसलेल्या जागेवर पुढची दोन-तीन वर्षं डोळा ठेवायला हवा.

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचाही यात हात आहे. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत त्याचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० होतं, आता ते ४२० च्या वर आहे. ज्वारी, मका, ऊस यांची पानं कमी कार्बन डायऑक्साइडवरही नीट काम करतात, म्हणून तो वाढला तरी या पिकांना जादा फायदा फारसा नाही. गाजरगवताला आहे. जादा कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवून पाहिलेली त्याची झाडं जास्त उंच झाली, जास्त फोफावली. ज्वारीच्या रानात तण आणि पीक यांची झटापट पुढे कुणीकडे झुकेल याचा अंदाज यावरून बांधा.

अमेरिका खंडातलं हे झुडूप आपल्याकडे पुण्यात १९५५ साली पहिल्यांदा नजरेत भरलं. आज एकही शिवार त्यावाचून नाही. तेव्हा देशातून घालवायच्या गोष्टी सोडा, आपला बांध आणि आपलं गायरान एवढं धरा.

उपटायचं कसं

वाफशावर, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसलेली असताना, उपटा. काळ्या जमिनीत पावसानंतर लगेच गेलात तर पाय रुततो आणि मातीचं ढेकूळ मुळासकट वर येतं. उशीर केला तर जमीन आवळते, झाड वरच्या वर तुटतं आणि बुडातून पुन्हा फुटतं. दोन-तीन दिवसांच्या उघडिपीनंतर बुडाशी धरून ओढलं की सोटमूळ सळकन निघतं. विळ्यानं कापू नका. कापलेल्या झाडाला फांद्या वाढतात आणि फुलंही वाढतात.

हात उघडे ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते. आमच्या आत्याबाईंना याच गवताचा त्रास झाला. आधी पापण्या सुजल्या, मग मानेची आणि कोपराच्या लवणीतली कातडी खाजून खाजून जाड झाली. "अगं, मी जन्मभर खुरपणी केली, मला गवताचं काय होतंय?" असं त्या म्हणायच्या. पण हा त्रास वर्षानुवर्षं हाताळल्यावरही अचानक सुरू होतो आणि एकदा झाला की नुसत्या वाऱ्यानं आलेल्या भुकटीनंही उठतो. कुणाला दमा होतो, कुणाला सारख्या शिंका. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, नाकातोंडाला ओढणी किंवा रुमाल. घरी आल्यावर साबणानं हातपाय धुवायचे आणि ते कपडे वेगळे भिजवायचे. ज्याला एकदा अंगावर उठलं त्याला परत या कामाला नेऊ नका, दुसरं काम द्या. मेडिकलमधून मनानं मलम आणून महिनोन् महिने लावण्यापेक्षा कातडीच्या डॉक्टरला दाखवा.

उपटलेल्या गवताला फुलं नसतील तर ते सोनं आहे. तीन फूट खोल, सहा फूट रुंद, दहा फूट लांब खड्डा घ्या. गवताचा थर, त्यावर शेणकाला, थोडी माती, मिळालं तर ट्रायकोडर्मा (पालापाचोळा कुजवणारी बुरशी), पुन्हा गवत. खड्डा भरला की वर घुमटासारखा उंचवटा करून शेणामातीनं लिंपून टाका. चार-पाच महिन्यांत चांगलं खत होतं. फुलं आली असतील तर मात्र उघड्या उकिरड्यावर चुकूनही टाकू नका. तिथे बी मरत नाही, आणि पुढच्या वैशाखात तुम्ही स्वतःच गाडीत भरून ते सगळ्या रानात पसरता. फुललेलं गवत खोल पुरा. पेटवूही नका, धूर डोळ्याला आणि छातीला लागतो.

बी येतं कुठून

उपटणीइतकंच हे महत्त्वाचं आहे आणि याकडे कुणी बघत नाही. विकतचं शेणखत घेण्याआधी त्या माणसाचा उकिरडा बघून या. भोवती गाजरगवत माजलेलं असेल तर ते खत स्वस्त मिळालं तरी महाग पडतं. तलावातला गाळ आणताना तसंच. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत पुष्कळांनी गाळ नेला, जमिनी सुधारल्या, ते चांगलंच झालं. पण तलावाच्या काठचा वरचा थर गाजरगवताच्या बियांनी भरलेला असतो. जेसीबीवाल्याला सांगून काठचा थर बाजूला काढायचा आणि मधला गाळ भरायचा. रस्त्याच्या कामाला आणलेल्या मुरमातून आमच्या पांदणीत हे गवत आलं, त्याआधी तिथे फक्त तरोटा, म्हणजे टाकळा, होता.

मळणी यंत्र आपल्या खळ्यावर लावण्याआधी गड्याला खाली-वर झाडायला लावा, ट्रॅक्टरची चाकं आणि रोटाव्हेटरची पाती रस्त्यावरच खरडून घ्या. बाहेरचा कडबा किंवा वैरण घेतली तर एकाच जागी टाका आणि त्या जागेवर पावसाळ्यात लक्ष ठेवा.

भुंगा आणि तरोटा

गायरानाचे आठ-दहा एकर हातानं उपटून होत नाहीत. तिथे मेक्सिकन भुंगा कामाला येतो. १९८३ मध्ये तो मेक्सिकोहून बंगळुरूला आणला आणि तपासून पुढच्या वर्षापासून सोडला. मळकट पांढऱ्या पाठीवर गडद तपकिरी नागमोडी रेघा असलेला हा भुंगा आणि त्याच्या अळ्या गाजरगवताचा पाला फस्त करतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात चौकशी करा, किंवा जुलै-ऑगस्टात ज्या शिवारात तो दिसेल तिथून आणा. झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत गाजरगवताच्या डहाळ्या घालून त्यावर भुंगे ठेवायचे आणि संध्याकाळी कोवळं गवत असेल तिथे शेकड्यांनी एकाच जागी सोडायचे. पाच-पन्नास इकडेतिकडे सोडून काही होत नाही. त्या जागेवर फवारणी नको आणि नांगरटही नको, कारण हा किडा मातीत कोष करतो आणि कोरड्या दिवसांत मातीतच झोपून राहतो.

इथे बदलत्या पावसाचा फटका पुन्हा बसतो. भुंगा चांगल्या पावसावर मातीतून वर येतो. पाऊस लांबला की तोही लांबतो. थंडीत तर तो झोपलेलाच असतो, आणि नेमक्या त्याच वेळी अवकाळी पावसावर किंवा हरभऱ्याच्या पाण्यावर गाजरगवताची नवी पिढी उभी राहते. तेव्हा खाणारं कुणी नसतं. म्हणून दिवाळीनंतरच्या प्रत्येक पावसानंतर आणि प्रत्येक पाण्यानंतर हातानंच उपटायचं. भुंग्यावर भरवसा फक्त पावसाळ्यात ठेवा.

फवारणीबद्दल थोडक्यात. कपाशीच्या जवळपास टू-फोर-डी हे तणनाशक नको म्हणजे नको. वाऱ्यानं आलेल्या थेंबांनीही कपाशीची पानं चिरून भेंडीच्या पानासारखी होतात आणि पातं धरत नाही. तोच पंप नंतर कपाशीला वापरला तरी हेच होतं. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकावर केंद्रानं २०२२ मध्ये बंधनं घातली आहेत, ते परवानाधारकाकडूनच मारून घ्यायचं. मिठाचं दाट पाणी मारा असंही सांगतात. गवत मरतं खरं, पण आमच्या काळ्या जमिनी आधीच चोपण (क्षारानं चिकट, नापीक) होत चालल्यात, मी शेतात मीठ टाकणार नाही. फार तर दगडी कुंपणाच्या फटीत.

त्यापेक्षा जागा रिकामी राहू देऊ नका. तरोटा गाजरगवताच्या आधी जोर धरतो आणि त्याला सावलीत दाबतो. लांब, बारीक, वाकड्या शेंगेचा, ज्याच्या कोवळ्या पाल्याची आपण भाजी करतो, तोच घ्यायचा. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळल्या की तडकण्याआधी पहाटेच्या दवावर काढा, खळ्यावर झोडपा, बी कोरड्या डब्यात ठेवा. रोहिणीत, पहिल्या पावसाच्या आधी, जिथे गाजरगवत उपटलं होतं त्याच पट्ट्यात दाट फोका आणि फांदी ओढून मातीआड करा. पहिल्या वर्षी दोन्ही मिसळून उगवतं, तेव्हा तरोटा ठेवून गाजरगवत तेवढं उपटायचं. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत हे चालू ठेवलं की आमच्या शाळेमागच्या जागेसारखा पट्टा तरोट्यानं भरतो आणि उपटणीला चार बाया पुरतात.