खांद्याच्या ऑपरेशननंतर कफ बांधून व्यायाम करताय? या चुका टाळा

खांद्याचं ऑपरेशन झालं की दंड बघता बघता वाळतो, आणि वजन उचलायची तर बंदी. म्हणून दंडाला हवेचा कफ बांधून, रक्तप्रवाह थोडा रोखून हलक्या वजनावर व्यायाम करून घेतात. हेच बीएफआर, म्हणजे 'ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन'. जपानच्या योशिआकी सातोंच्या 'कात्सू'पासून ही पद्धत आली. नेहमीच्या कमाल वजनाच्या २० ते ३० टक्केच पुरतं. अर्थात ती कमाल दुखऱ्या हातावर आजमावून बघायची नसते.

सगळ्यात मोठी चूक दाबाची. जिममध्ये मुलं इलॅस्टिकचा पट्टा करकचून आवळतात; किती दाब बसला, देव जाणे. योग्य रीत अशी: मनगटावर डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र) ठेवून नाडीचा आवाज ऐकायचा आणि तो थांबेपर्यंत कफ फुगवायचा. समजा १४० ला (बीपीसारखाच, मिमी पाऱ्यात) आवाज थांबला, तर हातासाठी त्याच्या ४० ते ५० टक्के, म्हणजे ५६ ते ७०. कफ रुंद असेल तर आवाज आणखी खालीच थांबतो, त्यामुळे मित्राचा आकडा तुमच्या कामाचा नाही. पायाचा दाब याहून जास्त असतो, तो हाताला लावू नका.

दुसरी चूक अपेक्षेची. कफ काखेजवळ, दंडाच्या वरच्या टोकाला बसतो. 'रोटेटर कफ' म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू (हा कफ वेगळा) त्याच्याही वर, तिथलं रक्त अडतच नाही. काही अभ्यासांत खांद्यालाही फायदा दिसलाय, पण तो नेमका कसा होतो यावर अजून वाद आहे. शिवलेला स्नायुबंध हाडाला धरायला मात्र त्याचा वेळ घेणारच. बळ वाढवणारे व्यायाम साधारण १२ आठवड्यांनी सुरू होतात, तेही सर्जनच्या परवानगीने. बायसेप्सचा स्नायुबंध नव्या जागी बसवला असेल, तर कोपर दुमडून वजन उचलणं सुरुवातीला बंदच.

पहिल्या सेटला ३० वेळा, मग तीन सेट १५-१५ वेळा, मध्ये ३० सेकंद विश्रांती. त्या विश्रांतीत कफ सोडायचा नाही, व्यायाम बदलताना मात्र सोडायचा. उलटं करणारेच जास्त भेटतात! दंड भरून येणं, जळजळणं चालेल. मुंग्या, बधिरपणा आला तर लगेच हवा सोडा. नख दाबून बघा: पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं.

आणि फिजिओपासून काही लपवू नका. पूर्वी रक्ताची गुठळी झाली होती का, बीपी आटोक्याबाहेर आहे का, डायलिसिससाठी हातात फिस्टुला (रक्तवाहिन्यांची जोडणी) केलाय का, स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्यात का, दिवस गेलेत का, सगळं सांगा. गडचिरोली, गोंदिया, नंदुरबारकडच्यांनी सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी आधी करून घ्यावी. नुसते वाहक असाल तरी सांगा.

व्यायामानंतर एक-दोन दिवसांत हात टम्म सुजला किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर पुढच्या सेशनची वाट न बघता थेट डॉक्टर गाठा.