तटबंदीची नोंद ठेवताना या चुका टाळा

कोकणातल्या किल्ल्यावर संवर्धनाचे काम सुरू झाले, की परांची उभी राहते, झाडोरा तोडला जातो, जुन्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, खरवडून मोकळ्या केल्या जातात आणि लगोलग ताजा चुना भरला जातो. दर्जा मोकळ्या झाल्यापासून त्या भरल्या जाईपर्यंतच भिंतीची खरी घडण डोळ्यांना दिसते, आणि नेमका तोच काळ नोंदीविना जाऊ देणे ही कधीही भरून न येणारी चूक आहे. म्हणून नोंद करणाऱ्याने पाहिल्याशिवाय परांचीच्या कोणत्याही टप्प्यावर गवंड्याने चुना लावू नये, ही अट कामाच्या आदेशातच घालून घ्यावी.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या भिंतीला एकच काळ चिकटवणे. विजयदुर्गाची पहिली उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातली मानली जाते, १६५३ मध्ये तो शिवाजी महाराजांकडे आला आणि पुढे त्याची तटबंदी वाढत गेली. अशा किल्ल्यावरचा अमुक एक भाग ‘शिवकालीन’ असे लिहून मोकळे होणे म्हणजे पुरावा न वाचताच निकाल देणे होय. पुरावा असतो तो उभ्या सांध्यात. दोन्ही बाजूंचे थर एकमेकांत न गुंतता एका उभ्या रेषेत तुटलेले दिसले, तर तिथे जवळ जाऊन दर्जेत डोकवावे: एका भिंतीचा घडीव दर्शनी भाग दुसरीच्या पाठीमागे तसाच पुढे जात असेल, तर ती आधीची आणि टेकलेली भिंत नंतरची. हा सांधा चुन्याने झाकला गेला, की दोन बांधकामांचा क्रम वरवर पाहून पुन्हा कळत नाही.

फोटो काढले म्हणजे नोंद झाली, हा समजही सोडावा. फोटोग्रामेट्री, म्हणजे एकमेकांवर येणारे अनेक फोटो जुळवून मोजमापाचे चित्र तयार करणे, फार उपयोगी आहे, पण काळवंडलेला जांभा आणि काळा दगड यांतला फरक फोटोत अनेकदा कळत नाही; त्यामुळे त्या चित्राच्या १:२० प्रमाणाच्या छापील प्रतीवर भिंतीसमोर उभे राहूनच दगडांचा प्रकार, छिन्नीच्या खुणा आणि परांचीच्या वाशांची जुनी भोके नोंदवावीत. फोटो एकमेकांशी जुळत नसतील, तर बहुधा शेजारच्या दोन फोटोंत समान भाग कमी आलेला असतो. तो निदान दोन तृतीयांश ठेवावा. समुद्राकडचा पश्चिमाभिमुख तट सकाळी सावलीत असतो, म्हणून तो सकाळीच टिपावा, आणि पायथ्याच्या थरांसाठी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची खोल ओहोटी गाठावी.

रिकामी दर्ज दिसली, की चुना गळून गेला असे लिहिले जाते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात मोठे दगड चुना न भरताच रचलेले आहेत, आणि लाटांचे पाणी त्या फटींतून आत-बाहेर होते. म्हणून दर्जेच्या तळाशी चुन्याचा अंश आहे की नाही, हे पाहून तसे स्पष्ट नोंदवावे. या एका ओळीच्या अभावी मुळात कोरडी असलेली भिंत बुजवली जाऊ शकते. चुना सापडलाच, तर भरणी सुरू होण्याआधी त्याचा नमुना घ्यावा आणि तो कोणत्या थरातला हे आराखड्यावर दाखवावे.

तैलरंगाने दगडांवर क्रमांक घालू नयेत, आणि जो दगड उतरवला जाणार आहे त्यावर मोजणीचा आधारबिंदू ठेवू नये. पिंपळाचे मूळ तर ओढून काढूच नये, कारण त्याच्याबरोबर दगड जागचे हलतात. आधी टिपावे, मग कापावे.

दर्जा आधीच भरल्या गेल्या असतील, तरी नोंद सोडून देऊ नये. तिरप्या उन्हात दगडांच्या आकारातले आणि थरांच्या उंचीतले बदल उठून दिसतात. आतली बाजू, ढासळलेली टोके आणि जुनी छायाचित्रे यांवरूनही बरेच जुळवता येते. मात्र जे प्रत्यक्ष पाहिले आणि जे तर्काने मांडले, ते आराखड्यावर वेगळ्या रेषांनी दाखवावे आणि नव्याने बसवलेल्या प्रत्येक दगडाची जागा तारखेसह त्यावर उतरवावी.